धुकं बाहेर की आत?

पसरणी घाटातलं चौथं की पाचवं वळण. शनिवारची सकाळ, वेळ साडेदहाची. आणि समोर... काहीच नाही!

म्हणजे रस्ता असणार. एका अंगाला दरी असणार, दरीत वाई असणार, त्यापलीकडे धोम धरणाचं पाणी असणार. पण आमच्या काचेवर कुणीतरी दुधाची साय फासावी तसा पांढरा थर बसला होता. मी हीटर फुल केला, हवेचा झोत काचेवर सोडला. पावसाळ्यात सगळे हेच करतात ना? पण थर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. फडक्यानं पुसलं, तर काच स्वच्छ होईना. नुसते तेलकट फराटे उठले. मागून एसटीनं दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा तिनं ओव्हरटेक केलं, तेव्हा ती किती जवळून गेली ते तिच्या टायरच्या आवाजावरून कळलं.

‘‘खिडकी उघड,’’ बाबा शांतपणे म्हणाले.

उघडली. मान बाहेर काढली. बाहेर रस्ता लख्ख दिसत होता. डांबर, पांढरा पट्टा, कठड्याचे दगड, त्यावर बसलेली दोन माकडं. सगळं एकदम क्लिअर.

धुकं घाटात नव्हतंच. धुकं आमच्या गाडीत होतं.

शेवटची ट्रिप

आधी गाडीची ओळख करून देतो. २००६ सालची पेट्रोल हॅचबॅक, पांढरी. बाबांच्या आयुष्यातली पहिली आणि एकमेव गाडी. २०२१ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत नेऊन, पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं. मी म्हणत होतो, कशाला? बाबा म्हणाले, ‘‘चालतेय ना?’’ त्यावर काय बोलणार!

या गाडीची एक डायरी आहे. किती किलोमीटरला ऑइल बदललं, टायर कधी घेतले, कूलंट कधी बदललं... सगळं निळ्या शाईत, तारखेसकट. २०१८ मध्ये आई गेली आणि २०१९ पासून बाबांनी स्टिअरिंग धरायचं सोडलं. गाडी माझ्याकडे आली. डायरी डॅशबोर्डच्या कप्प्यातच राहिली आणि तिची पानं कोरी राहायला लागली.

२०२४ च्या जुलैत मी गाडी विकायचं ठरवलं. ऑफिसातल्या एका ज्युनिअरनं पाच हजार टोकनही दिलं. मुलगा चिपळूणचा, पहिलीच गाडी. दर पंधरा दिवसांनी घरी जायचं, एसटीच्या रिझर्व्हेशनला कंटाळलेला. त्याला गाडी द्यायच्या आधी बाबांना एकदा महाबळेश्वरला फिरवून आणू, एवढाच माझा प्लॅन. एक रात्र, दोन दिवस. पावसात महाबळेश्वर म्हणजे गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त. फुल टू वसूल!

पाकाचा वास

आता मागे वळून बघितलं तर गाडी आम्हाला सकाळपासून सांगत होती. ऐकत कोण होतं?

कात्रजचा बोगदा ओलांडला आणि पाऊस लागला. काच धुरकटली म्हणून मी हीटर लावला. पुण्यात कोण हीटर लावतं? त्या वर्षात पहिल्यांदाच लावला असेल. खेड शिवापूरच्या आसपास बाबा म्हणाले, ‘‘कुठेतरी पाक करतायत का रे? गुलाबजामचा असतो तसा वास येतोय.’’

मी म्हटलं, ‘‘बाबा, हायवे आहे. हलवायाचं दुकान असेल.’’

शिरवळ गेलं, खंबाटकीचा घाट चढून उतरलो, सुरूर फाट्याला वाईकडे वळलो. हलवाई काही पाठ सोडेना.

वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. कृष्णा गढूळ, पण घाटाच्या पायऱ्या मोकळ्या होत्या. चहा घेताना बाबांनी पायातली चप्पल काढून झटकली.

‘‘माझ्या पायाशी पाणी आहे.’’

‘‘पाऊस आहे बाबा. चपला ओल्याच होत्या.’’

‘‘कोमट आहे.’’

इथं माझी ट्यूब पेटायला हवी होती. सह्याद्रीतला जुलैचा पाऊस कोमट असतो का कधी? पण मी मोबाइलमध्ये हॉटेलचं बुकिंग बघत होतो. ‘‘एसीचं पाणी असेल,’’ असं म्हणून विषय संपवला. त्या दिवशी एसी लावलाच नव्हता, हेही मला सुचलं नाही. आणि आम्ही घाट चढायला लागलो. पसरणी गाव मागे पडलं. शाहीर साबळे याच गावचे. वाईपासून पाचगणी जेमतेम बारा किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता सहाशेक मीटर वर चढतो. इंजिन तापतं, आणि जे काही गळत असेल ते जोरात गळतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

‘आधी काय न्हाई ते बगू’

दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून, हीटर बंद करून, विशीच्या स्पीडनं आम्ही पाचगणी गाठली. बाहेरचा पाऊस आत, आतला वास बाहेर. बाजाराच्या जरा अलीकडे पत्र्याच्या शेडचं एक गॅरेज दिसलं. मेस्त्री पन्नाशीचे. त्यांनी दार उघडलं, नाक आत घातलं आणि म्हणाले, ‘‘कूलंट हाय.’’

बॉस! मी तीन तास ज्या वासाला हलवाई समजत होतो, तो त्यांनी तीन सेकंदांत ओळखला.

पण निदान त्यांनी नाकावर सोडलं नाही. ‘‘आधी काय न्हाई ते बगू,’’ म्हणाले. पुढचा तास मी जे बघितलं ते कुठल्याही कॉर्पोरेट ट्रेनिंगमधल्या ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ सेशनपेक्षा भारी होतं.

पहिलं, बाबांच्या पायाखालचं कार्पेट. मेस्त्रींनी ते उचलून खालच्या ओलाव्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि मलाही चोळायला लावलं. पाणी चोळलं की बोटं एकमेकांना धरतात. ही घसरत होती, साबण लागल्यासारखी. मग त्यांनी पांढरा टिश्यू पेपर दाबला. फिकट हिरवा डाग उमटला. म्हणजे पावसाचं पाणी नाही. एसीचंही नाही, कारण एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ निवून झालेलं पाणी. त्याला ना रंग, ना चिकटपणा. ते एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतं. ती नळी तुंबली तर तेही कार्पेटवर येतं. मेस्त्रींनी एसी लावून खाली वाकून बघितलं. नळी नीट ठिबकत होती.

दुसरं, बाहेरून पाऊस शिरतोय का? जुन्या गाड्यांत काचेचं रबर कडक होतं, नाहीतर वायपरखालच्या पन्हाळीत पाला अडकतो आणि पाणी आत उतरतं. त्यांनी काचेवर आणि पन्हाळीत दोन बादल्या पाणी ओतलं. आत थेंब नाही.

तिसरं, बॉनेट. कूलंटची प्लास्टिकची बाटली ‘लो’च्या रेघेखाली. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात मेस्त्री ओरडले, ‘‘सायेब, हात भाजंल!’’ गरम रेडिएटर म्हणजे झाकण लावलेला कुकर. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त असतो. त्या दाबामुळेच कूलंट शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब गेला, आणि सगळं उसळून तोंडावर. पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास, इथं उघड्या भांड्यात साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. म्हणजे गळक्या गाडीची घाटात दोन्हीकडून पंचाईत!

इंजिन गार होईपर्यंत चहा झाला. मग चौथं. रेडिएटर, वॉटर पंप, रबरी नळ्या, क्लिपा, सगळीकडे हात फिरवला. कोरडं. ऑइलची कांडी काढली, ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघितलं. कूलंट इंजिनात शिरलं असेल तर ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटत राहतो. तेही नाही.

‘‘भाईर गळत न्हाई, इंजनात जात न्हाई. मग जातंय कुठं?’’ मेस्त्रींनी बाबांकडे बघितलं. ‘‘काकांच्या पायावर.’’

डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर

इथं थोडा फंडा क्लिअर करून घेऊ.

गाडीच्या हीटरला वेगळं कॉइल-बिइल नसतं. इंजिनाची फुकटची उष्णता तो वापरतो. इंजिनात फिरून तापलेलं कूलंट दोन रबरी नळ्यांमधून, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत येतं. डॅशबोर्डच्या पोटात वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. त्याला हीटर कोअर म्हणतात. गरम कूलंट त्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो, आणि ती गरम हवा तुमच्या पायांवर किंवा काचेवर येते.

हा कोअर गळायला लागला की दोन गोष्टी होतात. थेंब खाली कार्पेटवर पडतात, आमच्याकडे डाव्या सीटच्या पायाशी. आणि जे थेंब गरम हवेच्या झोतात सापडतात, त्यांची वाफ आणि तुषार थेट काचेवर जाऊन बसतात. त्यात पाणी असतंच, पण इथिलीन ग्लायकॉलही असतं. पाणी उडून जातं. ग्लायकॉलला उकळायला जवळजवळ दोनशे अंश लागतात, ते काचेवर तेलकट पापुद्र्यासारखं राहतं. म्हणून फडक्याचे फराटे. म्हणून हीटर वाढवला की धुकं वाढतं. मी काच साफ करायला हीटर फुल करत होतो, म्हणजे काचेवर कूलंटचा स्प्रेच मारत होतो!

आमच्या गाडीत हीटरचं बटण एक वायर ओढतं आणि ती नळीवरचा कॉक उघडते. वर्षभर कॉक बंद, त्यामुळे वर्षभर फारसं काही कळलं नाही. (बऱ्याच गाड्यांत असा कॉक नसतो. कूलंट कायम फिरतं आणि आतली झडप फक्त हवा वळवते. तिथं हीटर बंद असला तरी कोअर गळतो.)

राहिला पुरावा. मेस्त्रींकडे एक अफलातून यंत्र होतं. रेडिएटरचं जुनं झाकण, त्याला भोक पाडून बसवलेला ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि काटा असलेला हातपंप. कूलंट भरलं, हीटरचा कॉक उघडला, झाकण बसवून हळूहळू हवा भरली. एक बारला थांबले. जास्त भरली तर चांगल्या नळ्याही जातील, म्हणाले. मग मला डॅशबोर्डखाली उताणा झोपवला, हातात मोबाइलचा टॉर्च.

‘‘पेटीच्या कोपऱ्याकडं बगा. हालू नका.’’

काळ्या प्लास्टिकची पेटी. कोपरा कोरडा. काहीच होईना. वर पत्र्यावर पाऊस, बाहेर बाबा कुणाशी तरी स्ट्रॉबेरीच्या रोपांबद्दल बोलतायत. मग कोपरा चमकायला लागला. चमक फुगली, खाली आली, लोंबली. टप्प. माझ्या गालावर. दहा आकडे मोजले असतील. पुन्हा टप्प.

‘‘काटा उतरतोय,’’ बाहेरून मेस्त्री म्हणाले.

केस सॉल्व्ह्ड!

गुन्हेगार कोण?

‘‘पानी कंचं टाकत होता?’’

मेस्त्रींनी हा प्रश्न विचारला आणि मी बाबांकडे बघायचं टाळलं.

खरं सांगतो. एप्रिलपासून बाटलीतली लेव्हल तीनदा खाली गेली होती. बाहेर कुठे गळत नसताना लेव्हल उतरते, ही पहिली आणि सगळ्यात मोठी खूण. मी काय केलं? तिन्ही वेळा सोसायटीच्या नळाचं पाणी भरलं. नळाचं म्हणजे बोअरचं. त्याआधीही पाच वर्षं तेच. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नसतं. त्यात गंज धरू न देणारी रसायनं असतात. ती काळानं संपतात आणि साध्या पाण्यानं पातळ होतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत थर धरतात. कोअरच्या नळ्या सगळ्यात बारीक, सगळ्यात पातळ. त्या आधी जातात.

बाबांनी कप्प्यातून डायरी काढली. दर दोन वर्षांनी एक ओळ : ‘कूलंट बदलले. डिस्टिल्ड वॉटर.’ शेवटची ओळ २०१८ ची. त्यांनी पान माझ्यासमोर धरलं नाही, बोलले तर काहीच नाहीत. डायरी बंद करून परत ठेवली. एखादं लेक्चर परवडलं असतं!

मेस्त्रींनी दोन रस्ते सांगितले. एक, हळद. हसू नका. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय ट्रकवाल्यांमध्ये जुना आहे. हळदीचे कण भोकाशी जाऊन बसतात आणि गळती थांबते. पण ते चांगल्या नळ्यांतही बसतात. ‘‘घरला जाईपातूर ठीक. त्याच्याम्होरं इंजन गरम होनार,’’ मेस्त्री म्हणाले. दोन, बायपास. कोअरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढायच्या, आखूड पाइपनं एकमेकांना जोडायच्या, क्लिपा आवळायच्या. कूलंट केबिनमध्ये येतच नाही. हीटर गेला, पण इंजिन ठणठणीत. कोअर बदलायचा तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन दिवसांचं काम, आणि पार्टपेक्षा मजुरी जास्त.

आम्ही बायपास केला. पाऊण तास लागला. जमिनीवर सांडलेलं कूलंट मेस्त्रींनी लगेच चिंध्यांनी टिपलं, वर पाणी मारलं. गॅरेजचं एक कुत्रं शेपटी हलवत तिकडेच येत होतं. ‘‘ग्वाड लागतं ना. चाटतं आन् मरतं,’’ म्हणाले. ग्लायकॉल खरंच विषारी आहे. त्या कुत्र्याकडे बघताना एक गोष्ट डोक्यात आली. आम्ही सकाळपासून खिडक्या लावून हेच हुंगत होतो. बाबांचा घसा वाईपासून खवखवत होता आणि मी त्यांना खडीसाखर दिली होती.

हिशेब करताना मेस्त्री सहज म्हणाले, ‘‘इकायची म्हनताय न्हवं? कारपेट धुवा, वासाची बाटली लावा. कुनाला कळत न्हाई.’’

खरं धुकं

पाचगणी ते महाबळेश्वर एकोणीस-वीस किलोमीटर. काच साबणाच्या पाण्यानं धुऊन, कागदानं पुसून आम्ही निघालो. भिलारचा फाटा गेला. हे ‘पुस्तकांचं गाव’ २०१७ पासूनचं. बाबांना थांबायचं होतं, पण अंधार व्हायच्या आत पोचायचं होतं.

आणि मग खरं धुकं आलं. हे धुकं वेगळं असतं, राव! ते काचेला चिकटत नाही. समोरून येतं, बॉनेटवरून जातं, मध्येच फाटतं आणि सिल्व्हर ओकची रांग दाखवून पुन्हा मिटतं. यात गाडी चालवता येते. दिवे लो बीमवर, स्पीड कमी, पांढऱ्या पट्ट्यावर नजर. आतली काच धुरकटली की एसी. हो, थंडीतसुद्धा एसी! तो हवेतला दमटपणा काढून घेतो, दोन मिनिटांत काच मोकळी. सकाळी मी हीटरऐवजी एसीच लावला असता तर? काच कदाचित मोकळी झाली असती, आणि कोअरचं गुपित चिपळूणला गेलं असतं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या पाव हिस्साही नाही. डोंगरमाथा ढगांना आधीच पिळून घेतो. जुलैत इथं पॉइंट बघायला जायचं नसतं. कुठल्याही पॉइंटवरून एकच सीन दिसतो, पांढरा. पण बाजारातला गरम कणीस, छत्रीवर पावसाचा ताशा आणि हॉटेलातल्या ओलसर गाद्या, यात एक मजा आहे. संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एकत्र येतात आणि गोमुखातून धार पडते, अशी श्रद्धा. बाबा बराच वेळ त्या धारेकडे बघत उभे राहिले.

‘‘तुझी आई इथं म्हणाली होती, चिपळूणला जाऊ कुंभार्लीवरून. राहूनच गेलं.’’

कुंभार्ली. कराडहून चिपळूणला उतरणारा घाट. माझ्या ज्युनिअरचा दर पंधरा दिवसांचा रस्ता. रात्रीची ड्युटी संपवून, ऑगस्टच्या पावसात, शेजारी त्याची आई किंवा बायको. काच धुरकटणार आणि तो हीटरचं बटण फिरवणार. बायपास केलेल्या गाडीत काहीच होणार नाही, नुसती गार हवा. मग एखादा मेकॅनिक म्हणेल, नळ्या कुणीतरी उगाच जोडल्यात. तो त्या सरळ लावून देईल. आणि पुढच्या वळणावर...

सकाळी ती एसटी किती जवळून गेली होती, ते मला आठवलं.

हॉटेलच्या व्हरांड्यात रेंज मिळाली. फोन लावला. सगळं सांगितलं. कोअर, बोअरचं पाणी, बायपास, सगळं. पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता, इकडचा की तिकडचा कुणास ठाऊक.

‘‘मग सर... कोअर बदलून द्याल?’’

‘‘देतो.’’

‘‘मग चालेल. पण सर, दुसरं काही असेल तर तेही आत्ताच सांगा.’’

मागच्या डाव्या दाराचं लॉक अडकतं, तेही सांगितलं. सांगायची सवय लागली की थांबता येत नाही!

डॅशबोर्डच्या पोटात

पुण्यात गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उतरवला त्या दिवशी बाबाही आले. स्टिअरिंग, वायरींचे झुबके, हवेचे काळे पाइप... गाडी अशी उघडी बघवत नाही. कोअर बाहेर आला. वहीएवढाच, एका कोपऱ्यात हिरवट-पांढऱ्या क्षारांचा मुकुट. एवढ्याशा कोपऱ्यासाठी केवढा राडा.

डॅशबोर्डमागच्या फटीतून अठरा वर्षांचा ऐवज निघाला. दोन नाणी. माझं कॉलेजचं आय-कार्ड, जे हरवलं म्हणून मी दंड भरला होता. आणि एक काळी हेअरपिन. बाबांनी ती उचलून शर्टाच्या खिशात टाकली. कुणीच काही बोललं नाही.

नवा कोअर बसला, नव्या नळ्या, ताजं कूलंट. आतली हवा काढून, कार्पेट धुऊन, दोन दिवस पाणी टिकतंय का बघून मग गाडी दिली. माझा नफा त्या कोअरमध्ये गेला म्हणा. चावी देताना बाबांनी ज्युनिअरच्या हातात डायरी ठेवली. २०१८ नंतरच्या कोऱ्या पानांनंतर एक नवी ओळ होती, निळ्या शाईत : ‘हीटर कोअर बदलला. कूलंट नवे. पुढच्यांनी नळाचे पाणी टाकू नये.’

पुढच्यांनी? ती ओळ मागच्यांसाठी होती, हे ज्युनिअरला कळलं नसेल. मला कळलं.

घरी येताना कॅबमध्ये बसलो. बाबा पुढे डावीकडे. दोन मिनिटं शांत. मग त्यांनी चप्पल काढली, पाय कार्पेटवर टेकवला आणि मागे वळून म्हणाले,

‘‘कोरडं आहे.’’

जाण्याआधी पाच मिनिटं

घाटात निघताय आणि गाडी दहा वर्षांच्या पुढची आहे? मग एवढं बघा.

• इंजिन गार असताना कूलंटची लेव्हल बघा. बाहेर गळत नसताना उतरत असेल तर कारण शोधा, नुसतं भरू नका. कंपनीनं सांगितलेलंच कूलंट वापरा, मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर.

• डाव्या सीटच्या पायाशी कार्पेटखाली पांढरा टिश्यू दाबा. साधं पाणी असेल तर एसीची नळी किंवा काचेचं रबर. रंग, चिकटपणा, गोड वास असेल तर हीटर कोअर.

• निघायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं हीटर लावून बघा. काचेवर तेलकट धुकं आलं तर घाट नको, आधी गॅरेज.

• गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. सांडलेलं कूलंट पुसून घ्या. कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांना ते विषारी असतं.

• आणि शेजारी बसलेल्याला वास आला, पाय ओले झाले, तर त्याचं ऐका.